वाचकांचे प्रश्न : हॉट टबचा पंप आणि मसाजचा जोर

प्रश्न : लोणावळ्याच्या बंगल्यात पाच जण बसतील असा हॉट टब घ्यायचा आहे. दोन कोटेशन आली आहेत. पहिल्यात ‘६ एचपी, ५२ जेट’, पंप एकच आणि डायव्हर्टर (पाणी एका बाजूच्या जेटकडे वळवणारा व्हॉल्व्ह). दुसऱ्यात दोन एचपीचे दोन पंप आणि ३४ जेट. किंमत जवळपास सारखीच. पहिला विक्रेता म्हणतो, एचपीही जास्त आणि जेटही जास्त, म्हणजे मसाज जोरात. पंपांची माहितीपत्रकं मागवली. पहिल्या पंपावर २३० व्होल्ट, ११.५ अँपिअर आणि १० मीटर हेडला (म्हणजे पाणी १० मीटर उंच चढवण्याइतक्या दाबाला) मिनिटाला ६५० लिटर असं आहे. दुसऱ्यातल्या प्रत्येक पंपावर ८.५ अँपिअर आणि १० मीटरला ४८० लिटर. काय घ्यावं?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : माहितीपत्रकं मागवलीत हे फार चांगलं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. दुसरा टब घ्या.

आधी एचपीचा हिशेब. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. सिंगल फेजच्या अशा मोटरमध्ये व्होल्ट गुणिले अँपिअर केल्यावर येणाऱ्या आकड्यातले साधारण ७० टक्के शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या दांड्यावर, मिळतात. म्हणून २३० व्होल्टला नेमप्लेटवरच्या अँपिअरला ०.२२ ने गुणलं की खरा एचपी अंदाजाने कळतो. पहिला पंप : ११.५ × ०.२२ = सुमारे २.५ एचपी. मग ‘६ एचपी’ आला कुठून? तो ‘पीक’ एचपी. मोटर बंद पडण्याआधी क्षणभर जास्तीत जास्त जेवढा जोर लावू शकते, तो आकडा. त्या जोरावर ती मिनिटभरही चालणार नाही. सलग सहा एचपी द्यायचे तर नेमप्लेटवर २७ अँपिअरच्या आसपास आकडा दिसला असता. दुसऱ्याचा प्रत्येक पंप ८.५ × ०.२२ = १.९ एचपी, म्हणजे त्याने सांगितलेले दोन जवळपास खरे आहेत. दोन्ही मिळून ३.७ एचपी. कागदावर लहान वाटणारा टब प्रत्यक्षात दीडपट ताकदीचा निघाला.

पण मसाज एचपीवरही ठरत नाही. तो ठरतो प्रत्येक जेटमधून किती पाणी आणि किती वेगाने बाहेर पडतं यावर. पहिल्या टबात ६५० लिटर ५२ जेटमध्ये वाटले तर जेटमागे साडेबारा लिटर. दुसऱ्यात ९६० लिटर ३४ जेटमध्ये, म्हणजे २८ लिटर. शेतात एकाच मोटरवर स्प्रिंकलर वाढवत गेलं की शेवटी पाणी उडायचं थांबून नुसतं गळायला लागतं, जेटचंही तसंच.

यातून पाठीवर काय फरक पडतो तेही काढता येतं. पाइप, वळणं आणि मॅनिफोल्डमध्ये (पाणी वेगवेगळ्या जेटना वाटणाऱ्या जोडणीत) दाब खर्च होऊन जेटच्या तोंडाशी समजा सहा मीटर हेड उरलं. तेवढ्या हेडवर पाणी सेकंदाला सुमारे ११ मीटर वेगाने निघतं. मिनिटाला २८ लिटरची धार त्या वेगाने अंगावर आली तर जवळपास अर्धा किलो वजनाइतका रेटा बसतो. साडेबारा लिटरचा रेटा पाव किलोही भरत नाही. पहिला विक्रेता डायव्हर्टर फिरवून दाखवेल, आणि सगळं पाणी अर्ध्या जेटकडे वळलं की त्या बाजूला जोर नक्कीच वाढेल. मात्र त्या वेळी समोर बसलेल्यांचे जेट मेलेले असतील. पाच जणांच्या टबात हे परवडत नाही. दोन पंपांच्या टबात एक पंप एका बाजूच्या खुर्च्यांना, दुसरा दुसऱ्या बाजूला, आणि एक बिघडला तरी निम्मा टब चालू राहतो.

सही करण्याआधी आणखी काही गोष्टी विचारा. पंपाचा कर्व्ह, म्हणजे कोणत्या हेडला किती लिटर याचा आलेख, मागून घ्या. जाहिरातीतला ‘कमाल प्रवाह’ शून्य हेडचा असतो. म्हणजे पंपाला पाइपच जोडलेला नसताना पडणारं पाणी. त्याचा उपयोग नाही. १० मीटरच्या आसपासचा आकडाच पाहा. तो खरा वाटतो का हेही तपासता येतं : लिटर प्रति मिनिट गुणिले मीटर, भागिले ६.१, म्हणजे पाण्याला मिळालेले वॅट. तुमच्या पहिल्या पंपाचे होतात १,०६५ वॅट. शाफ्टवर सुमारे १,८८० वॅट आहेत, म्हणजे पंपाची कार्यक्षमता ५७ टक्के. पटण्याजोगं आहे. हाच आकडा ८५-९० टक्के निघाला असता तर माहितीपत्रक खोटं समजायचं.

मग पाइप. पंपाकडे जाणारी लाइन दीड इंची असेल तर पंप कितीही मोठा असो, पाणी अडतं. मिनिटाला ४८० लिटर दोन इंची पाइपमधून सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने जातात, दीड इंचीतून सहा मीटरच्या वर. आणि त्याच प्रवाहाला दीड इंची पाइपमध्ये घर्षण दोन इंचीच्या चौपट होतं. सक्शनचा, म्हणजे पंपाकडे पाणी ओढणाऱ्या लाइनमधला, वेग सेकंदाला दोन मीटरच्या आत असलेला बरा, नाहीतर पंपात बुडबुडे फुटून खडखडाट होतो आणि इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरतं पातं, कुरतडला जातो. तेव्हा प्रत्येक पंपाला दोन इंची दोन सक्शन लाइन आहेत का, हे टबाची बाजूची फळी काढायला लावून डोळ्यांनी पाहा.

शेवटी पाणी भरलेल्या टबात बसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सगळे पंप चालू, सगळे जेट उघडे, हवेचे नॉब आधी बंद आणि मग उघडे. हवा बंद असताना जो जोर लागतो तो पंपाचा खरा जोर. हवा मिसळली की धार पसरते, फेसाळते आणि जास्त जोराची वाटते. ब्लोअरमधून तळातून येणारे बुडबुडे गुदगुल्या करतात, स्नायू दाबत नाहीत. कुटुंबातल्या सगळ्यांत हलक्या माणसालाही बसवा. जोरदार जेट समोरून लागले तर हलकं माणूस आडव्या आसनावरून तरंगून निघतं, आणि मग ते आसन कायमचं रिकामं राहतं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. साध्या भिंतीच्या सॉकेटवर, ११०-१२० व्होल्टवर चालणारा टब स्वस्त मिळतोय. नंतर २४० व्होल्टवर बदलून घेता येतो म्हणतात. तसं केलं तर मसाज वाढेल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : मसाज वाढणार नाही, पाणी लवकर तापेल. १५ अँपिअरच्या सॉकेटवर सलग १२ अँपिअरच घ्यायचे असतात, म्हणजे १,४४० वॅट. त्यात पंप एक, फार तर दीड एचपीचा बसतो. हीटर १ किलोवॅटचा असतो आणि बहुतेक अशा टबांत पंप हाय स्पीडवर गेला की हीटर बंद होतो, कारण दोघांना पुरेल एवढी वीज त्या सॉकेटमध्ये नाही. जानेवारीत उणे पाच तापमानाला जेट आणि हवा चालू ठेवून अर्धा तास बसलात तर पाणी गार होत जाताना कळेल.

२४० व्होल्ट जोडल्यावर तोच हीटर चार किलोवॅट देतो, कारण व्होल्टेज दुप्पट झालं की वॅट चौपट होतात. शिवाय पंप आणि हीटर एकत्र चालू शकतात. पंप मात्र तोच राहतो. जोरदार मसाज हवा असेल तर सुरुवातीलाच दोन पंपांचा २४० व्होल्टचा टब घ्या. त्याला बहुधा ५० अँपिअरची, जीएफसीआय (वीज गळताच पुरवठा तोडणारं उपकरण) असलेली स्वतंत्र लाइन लागते, आणि बंद करायचा स्विच टबापासून निदान पाच फूट दूर पण नजरेसमोर हवा. टाउनशिपचं परमिट आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन हा खर्च टबाच्या किमतीत धरूनच तुलना करा.

प्रश्न : अमेरिकेहून परतलेल्या ओळखीच्यांचा टब स्वस्तात घेतोय. चालू स्थितीत आहे. इथे फक्त प्लग बदलावा लागेल ना?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : प्लगने भागणार नाही. त्याची मोटर ६० हर्ट्‌झची, आपली वीज ५० हर्ट्‌झची. तिथे मिनिटाला ३,४५० फेऱ्यांनी फिरणारा पंप इथे २,८५०-२,९०० फेऱ्यांनी फिरेल. प्रवाह ८३ टक्क्यांवर येतो, पण दाब वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने उतरतो, म्हणजे ६९ टक्क्यांवर. मसाज लगेच मऊ पडतो. त्याशिवाय जवळपास तेच व्होल्टेज कमी फ्रीक्वेन्सीला मिळाल्याने मोटरचा गाभा जास्त तापतो आणि वाइंडिंगचं आयुष्य घटतं. ५० हर्ट्‌झची नवी मोटर, तिच्या वेगाला जुळणारा इम्पेलर आणि कंट्रोल बोर्ड इथल्या विजेवर चालतो का याची खात्री, एवढं धरून सौदा परवडत असेल तरच घ्या. नवीन इम्पोर्टेड टब घेतानाही कॅटलॉगमधले आकडे कोणत्या हर्ट्‌झचे आहेत हे विचारायला विसरू नका.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या टबाचे जेट सुरुवातीला जोरात होते, आता नुसते खळखळतात. विक्रेता नवीन, मोठा पंप बसवायला सांगतोय. पाणी बोअरचं आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पंप बदलण्याआधी या क्रमाने तपासा. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच दोष सापडतो.

फिल्टरचं कार्ट्रिज बाहेर काढा आणि त्याशिवाय दोन मिनिटं पंप चालवा. जोर परत आला तर दोष फिल्टरचा. नुसत्या नळाच्या धारेने अंगाचं तेल आणि क्रीम निघत नाही. आधी अल्कलाइन फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा, खळखळून धुवा आणि त्यानंतरच क्षारांसाठी सौम्य ॲसिड वापरा. क्रम उलटा केला तर ॲसिडने तेलकट मळ घड्यांत घट्ट बसतो आणि कार्ट्रिज फुकट जातं.

पाण्याची पातळी स्किमरच्या (पृष्ठभागावरचं पाणी फिल्टरकडे ओढणाऱ्या खिडकीच्या) तोंडाच्या वर आहे का बघा. नुकतंच पाणी बदललं असेल तर पंपाने हवा धरली असेल. मेन स्विच बंद करून पंपातून पाणी बाहेर जाणाऱ्या बाजूचं युनियन, म्हणजे पाइप जोडणारं मोठं नट, पाव फेरी सैल करा, फुस्स आवाज थांबून पाणी यायला लागलं की आवळा. पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत ना, डायव्हर्टर मधेच अडकलेला नाही ना, हेही बघा.

मग जेट. बोअरच्या पाण्याने जेटच्या आत पांढरा थर बसतो, तोंड फिरायचं थांबतं आणि नोझलचं भोक लहान होतं. सात-आठ मिलिमीटरच्या भोकात एक मिलिमीटरचा थर बसला तर वाट जवळपास निम्मी होते. जेट बाहेर काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, मऊ ब्रशने घासा. पुढे पाणी भरताना कठीणपणा १५० ते २५० पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवा.

इतकं करूनही फरक नसेल तर वायरमनला क्लॅम्प मीटर (वायरला बाहेरून चिमटा लावून अँपिअर मोजणारं यंत्र) घेऊन बोलवा. पंप पूर्ण वेगात असताना अँपिअर नेमप्लेटपेक्षा बराच कमी असेल तर पंपाला पाणी मिळत नाही किंवा पंप पाणी ढकलत नाही : सक्शन तुंबलंय, इम्पेलरमध्ये केस-पानं अडकलीत किंवा इम्पेलर तुटलाय. अँपिअर जास्त असेल, मोटर घुमते पण सुटत नाही, तर कॅपॅसिटर किंवा बेअरिंग. त्याच वेळी व्होल्टेजही मोजा. उन्हाळ्यात संध्याकाळी १८०-१९० वर आलं तर मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, ती तापते आणि ट्रिप होते. अशा ठिकाणी मोठा पंप नाही, व्होल्टेज स्टॅबिलायझर लागतो.

आणि मोठ्या पंपाबद्दल एक गंभीर गोष्ट. टबाच्या तळाशी असलेल्या सक्शनच्या जाळीवर ती मिनिटाला किती पाणी पेलते याचा आकडा छापलेला असतो. पंप मोठा केला आणि जाळी तीच राहिली तर ओढ वाढते. केस किंवा लहान मुलाचं अंग तिला चिकटलं तर सोडवता येत नाही. अमेरिकेत २००२ साली हॉट टबाच्या सक्शनला अडकून सात वर्षांच्या व्हर्जिनिया ग्रॅम बेकर या मुलीचा जीव गेला, आणि तिच्या नावाने २००७ साली सुरक्षित जाळ्यांचा कायदा झाला. तुमच्या टबात प्रत्येक पंपाला दोन जाळ्या असाव्यात, आणि एक झाकली गेली तरी दुसरीला पूर्ण प्रवाह पेलता यायला हवा. जाळीला तडा असेल तर ती बदलेपर्यंत टब वापरू नका.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत, कंबरदुखी आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांच्यासाठी सगळ्यांत जोरदार जेटचा टब घ्यावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यांच्यासाठी जोर कमी करता येणं महत्त्वाचं. प्रत्येक जेट स्वतंत्रपणे फिरवून बारीक करता येतो का, आणि त्यांच्या खुर्चीचा हवेचा नॉब वेगळा आहे का, हे पाहा. मोठ्या नोझलचे थोडे जेट निवडा. बारीक भोकाची धार टोचते. मणक्यावर थेट धार नको, दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर, पाठ जेटपासून १० ते १५ सेंटिमीटर दूर ठेवून. हॉट टबाची कमाल मर्यादा ४० अंश असते. त्यांच्यासाठी ३६ ते ३८ पुरे, आणि एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. गरम पाण्याने रक्तदाब उतरतो, त्यात गोळीची भर पडली तर उठताना चक्कर येते. म्हणून कठडा आणि सोबत कुणीतरी हवंच. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाणी किती गरम आहे हे त्यांना कळणार नाही, तेव्हा थर्मामीटरनेच बघा. टब घेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना तापमान आणि वेळ हे दोन्ही आकडे सांगून विचारा.