दारूबंदी झाली, तरी पिणारे किती हे मोजायचं कसं?

प्रश्न: ताई, आमच्या गावात दोन वर्षांमागं आडवी बाटली झाली, देशीचं दुकान बंद पडलं. आता सगळे म्हणायलेत गाव दारूमुक्त झालं, अन् आमच्या बचतगटातल्या दोघी-तिघी रोज रात्री मार खायलेत. आम्ही वही घेऊन घरोघर विचारलं तर एकबी माणूस हो म्हणला नाही. मग खरं कळावं कसं?
– बचतगटातली एक बाई, औसा तालुका

उत्तर: ताई, ज्या गोष्टीची केस होऊ शकते ती दारात वही घेऊन उभ्या बाईला कोण सांगणार, त्यात आत सून ऐकायली असली तर नाहीच नाही. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून पूर्ण दारूबंदी आहे, तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या १५.५ टक्के पुरुषांनी पितो म्हणून सांगितलं, अन् आपल्या महाराष्ट्रात १३.९. बंदीच्या बिहारमध्ये भीती असून एवढे बोलले, मग गप्प बसलेले वेगळेच.

पोलिसांच्या केसेस मोजू नका, त्यातनं धाडी किती पडल्या तेवढंच कळतं. बांधावरच्या रिकाम्या चपट्यांवरून देशीचा थोडाफार अंदाज येईल, पण हातभट्टी फुग्यात, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत येते, प्यायची अन् फुगा उसात फेकायचा, त्याचा हिशोब कुठून लागणार.

त्यापेक्षा नाण्याची रीत करा. १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी अशी युक्ती काढली, त्यातलाच हा सोपा प्रकार. माणसानं पाठ करून रुपया उडवायचा, तुम्हाला दाखवायचाच नाही. छापा पडला तर पीत असो-नसो 'हो' म्हणायचं, काटा पडला तर गेल्या महिन्यात घेतली का ते खरं सांगायचं. तो हो म्हणला तरी छाप्यानं म्हणला का दारूनं हे तुम्हालाबी कळत नाही, म्हणून तोंड उघडतं. ३०० जणांत छापा साधारण १५० जणांना, ते सगळे हो. एकूण हो १९० आले तर वरचे ४० हे काटावाल्या १५० मधले, म्हणजे शंभरात २६-२७ पिणारे. पन्नासेक माणसांवर करू नका, नाणं जरा इकडंतिकडं पडलं की आकडा पार चुकतो. अन् विचारायला शेजारच्या गावच्या बायका बोलवा.

पण त्या दोघी-तिघींसाठी आकड्याची वाट बघू नका. रात्री मारहाण झाली की ११२ लावा, अन् २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार द्या, तुम्ही स्वतः सोबत जा. नवरा पितो हे तिथं सिद्ध करावं लागत नाही, मारतो एवढं पुरे.