पूल ओलांड, मग विचारत जा

प्रश्न: दादा नमस्कार. मी 22 वर्षांचा, नाशिकला असतो. लॅपटॉप जुना आहे, नवीन गेम त्यावर धड चालत नाहीत, म्हणून मागच्या महिन्यात सेलमध्ये मॉरोविंड हा जुना फँटसी गेम घेतला, कारण जो तो म्हणतो खेळलाच पाहिजे. तास-दीड तास खेळलो. बोटीतून उतरलो, ऑफिसात कागदपत्रं झाली, तिथल्या टेबलावरचा सुरा उचलला, गावाबाहेर पडलो आणि एका खेकड्याने मला मारलं. खरंच, खेकड्याने! मी पंधरा-वीस वार केले असतील, सुरा त्याच्या अंगातून आरपार जाताना दिसतोय पण लागतच नाही. कुठे जायचं ते नकाशावर दिसत नाही, माणसं बोलत नाहीत, सगळं वाचत बसायचं. गेम माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. खरं सांगा, यात आज काही आहे का, की तुमच्या पिढीचा नुसता नॉस्टॅल्जिया?
– खेकड्याने मारलेला, नाशिक

उत्तर: अरे बाबा, आधी खेकड्याचं बघू, बाकीचं मग.

तू सुरुवातीला क्लास, म्हणजे आपल्या पात्राचा प्रकार, निवडताना लाँग ब्लेड म्हणजे लांब तलवारीचं स्किल घेतलं असणार, सगळे घेतात, तलवार म्हटलं की लांबच हवी. आणि टेबलावरून उचललास तो सुरा, म्हणजे शॉर्ट ब्लेड. त्यातलं तुझं स्किल असणार 5. या गेममध्ये वार लागणार की नाही हे तुझ्या माउसवर ठरत नाही, आत फासे पडतात. हिशेब साधा आहे, शस्त्राचं स्किल, त्यात चपळाईचा पाचवा भाग, नशिबाचा दहावा भाग. चपळाई 40 आणि नशीब 40 धरलं तर 5 अधिक 8 अधिक 4, झाले 17. आता तू गावातून खेकड्यापर्यंत पळत गेलास ना? खाली ती हिरवी पट्टी असते, दमाची, ती रिकामी झाली की 17 चे पाऊण होतात, म्हणजे शंभरात तेरासुद्धा नाहीत, आणि त्यातून खेकड्याची चपळाई अजून वजा व्हायचीय. हेच लाँग ब्लेड 40 असताना, हातात साधी लोखंडी तलवार असली तर 52, आणि पट्टी फुल्ल असली की त्याचे सव्वापट, म्हणजे 65. म्हणजे काय तर त्याच गावातल्या अरिलच्या दुकानात जा, तलवार घे, आणि भांडणाच्या आधी दोन मिनिटं चालत जा, पळू नकोस. खेकडा संपला.

हे कुठेही धड सांगितलेलं नाही हा गेमचा दोषच आहे, मी त्याची बाजू घेणार नाही. तेव्हा खोक्यात मॅन्युअल यायचं, कागदाचा नकाशा यायचा, वाचून बसायचं अशी अपेक्षा असायची. आमच्याकडे अर्थात ना खोका होता ना मॅन्युअल, मार्करने नाव लिहिलेली सीडी होती, त्यामुळे आम्हालाही खेकड्यानेच मारलं.

आता तुझा मुख्य प्रश्न. नॉस्टॅल्जिया आहे का? आहे, थोडा आहे, खोटं कशाला बोलू. पण नुसत्या नॉस्टॅल्जियाचं आयुष्य फार तर दोन संध्याकाळींचं असतं. मी तेव्हाचे बाकीचे गेमपण परत लावून बघितलेत, त्यातले बरेच अर्ध्या तासात बंद केले. याच मालिकेतला आधीचा डॅगरफॉल, 1996 चा, आता फुकट मिळतो, त्यातल्या तळघरांच्या भूलभुलैयात मी इतका हरवलो की शेवटी कंटाळून काढून टाकला. मॉरोविंड मात्र दर दोन-तीन वर्षांनी परत इन्स्टॉल होतो. तर यात काहीतरी आहे, आणि माझ्या मते ते नेमकं तेच आहे जे तुला खटकलं: नकाशावर खूण नाही.

उदाहरण देतो. सुरुवातीला तुला एक पुडकं देऊन बालमोराला पाठवतात, तिथे केयस कोसाडेस नावाचा म्हातारा आहे, उघडाबंब, शेजारी नशेची नळी, हा म्हणे बादशहाचा गुप्तहेर. तो तुला हॅस्फॅट नावाच्या माणसाकडे धाडतो, आणि हॅस्फॅट म्हणतो, मला आर्कंगथँडच्या अवशेषांतून एक कोड्याचा डबा आणून दे. कसं जायचं? तर गावातून नदीच्या पूर्व काठाला ये, दक्षिणेला चालत जा, पाटी लागेल तिथून मूनमॉथच्या किल्ल्याकडे वळ, किल्ल्याच्या जरा उत्तरेला जुना दगडी पूल आहे, खाली खोल घळ, पूल ओलांडलास की अवशेष. आणि दार असं उघडणार नाही, जवळच्या पाइपवर एक दांडा आहे तो फिरव.

बस. बाण नाही, स्क्रीनवर उजळणारी रेघ नाही. आता तू कोकणात कधी आतल्या वाडीत रस्ता विचारलायस का? तिथेही असंच सांगतात, पुढे शाळा लागेल, शाळा सोडा, मग पिंपळ, पिंपळाच्या अलीकडे डावीकडे उतरा, आणि तिथे गेल्यावर कुणालाही विचारा. असं जाताना तू शाळा बघतोस, पिंपळ बघतोस, कारण बघावंच लागतं. मोबाईलवर मॅप लावून गेलास तर बाणाकडे बघतोस, पोचतोसही लवकर, पण दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं वाटेत काय होतं तर सांगता येत नाही. 2006 साली याच कंपनीचा पुढचा गेम आला, ऑब्लिव्हियन, त्यात होकायंत्रावर बाण आला, सगळ्या माणसांना आवाज आला, आणि माणसांची वाक्यं आखडली. साहजिक आहे ना, प्रत्येक वाक्य कुणाकडून तरी बोलून घ्यायचं म्हटल्यावर रस्त्याचं वर्णन कोण एवढं लिहीत बसणार. मॉरोविंडमध्ये मजकूर स्वस्त होता म्हणून भरपूर आहे. तू म्हणतोस सगळं वाचत बसायचं, तर हो, पण त्या वाचण्यातच रस्ता आहे. (कधीकधी सांगितलेली दिशा चुकीचीही असते बरं का. मी एकदा पूर्वेच्या जागी पश्चिमेला तासभर फिरलोय आणि त्यात दुसरीच एक गुहा सापडली.)

हॉस्टेलला आमच्या चौघांत एकच कॉम्प्युटर होता. मी फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर हे पत्ते लिहून ठेवायचो, कारण गेमची डायरी म्हणजे नुसती तारखेवार लिहिलेली पोथी, कुठल्या कामाचं काय ते शोधायला अर्धा तास. त्यात लोडशेडिंग. ऑटोसेव्ह म्हणजे झोपलास की होणार तेवढाच, बाकी सेव्ह आपलं आपण करायचं. रात्री दोन तास घालून मी एकदा त्या अवशेषांपर्यंत पोचलो, दांडा फिरवला, दार सरकायला लागलं आणि लाईट गेली. रूममेट अंधारात इतका हसला की वॉर्डन वर आला. पुढची खेप दहा मिनिटांत झाली, कारण रस्ता पाठ होता. मागच्या दिवाळीत, इतक्या वर्षांनी, परत खेळलो, पूल शोधायला मला वही लागली नाही. पण त्यानंतर मी जे पन्नासेक बाणवाले गेम खेळलो त्यातलं एक गाव मला पायी आठवत असेल तर शपथ.

दुसरी गोष्ट म्हणजे हा गेम तुला वाचवत नाही. सेडा नीनवरून, म्हणजे तू बोटीतून उतरलास त्या गावातून, बालमोराच्या वाटेला लागलास की जरा पुढे किंकाळी ऐकू येईल आणि आकाशातून एक माणूस धप्पकन पडेल. मेलेला. त्याची डायरी वाच, त्याने उंच उडीचा मंत्र बनवलाय, आणि त्याच्याकडे तो मंत्र लिहिलेल्या तीन कागदी गुंडाळ्या आहेत. तू एक वापरणारच, कोण नाही वापरत. अॅक्रोबॅटिक्स, म्हणजे उडी मारायचं स्किल, 1000 ने वाढतं, पण 7 सेकंदच. उडी मारलीस की खालचं गाव काडेपेटीएवढं होतं, समुद्र दिसतो, काय भारी वाटतं, आणि वरच असताना 7 सेकंद संपतात. मग तुला कळतं तो बिचारा कसा मेला. उपाय आहे, उतरता उतरता जमिनीच्या जरा आधी दुसरी गुंडाळी वाचायची. पण हे गेम सांगत नाही. विनोद सांगून गप्प बसलेल्या माणसासारखा तो बघत राहतो. आजकालच्या मोठ्या गेममध्ये असली वस्तू पहिल्या दहा मिनिटांत खेळाडूच्या हातात कोण देईल? कथेसाठी गरजेचा माणूस तू मारलास तरी तो अडवत नाही, फक्त एक संदेश येतो की भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह उघड नाहीतर या बिघडवलेल्या जगात राहा. मी राहिलोय. मजा येते, पण फार दिवस नाही.

आणि वाईट काय तेही ऐक. चालण्याचा वेग सुरुवातीला रडवतो. क्लिफ रेसर नावाचे उडणारे प्राणी आहेत, डोंगरात दर दोन मिनिटांनी अंगावर येतात, कानात ती चिरचिर बसते. गावातली निम्मी माणसं एकाच छापाची उत्तरं देतात. तुझ्या लॅपटॉपला मात्र काही त्रास नाही, या गेमची मागणी 500 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि विंडोज एक्सपीवर 256 एमबी रॅम एवढीच होती. ओपनएमडब्ल्यू नावाचं फुकट इंजिन मिळतं, तुझ्याच विकत घेतलेल्या फाइल्स वापरून चालतं, स्क्रीन नीट भरते, लांबचं दिसतं, ते टाक. ग्राफिक्सचे मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेले बदल, मात्र पहिल्या खेपेला टाकू नकोस. आठवडाभर मॉडच जमवत बसशील आणि खेळणार नाहीस, हे मी अनुभवाने सांगतोय.

दहा तास दे. बालमोराला पोच, केयसला भेट, तो स्वतःच 200 नाणी देऊन म्हणतो की जा, आधी कुठल्यातरी गिल्डमध्ये, म्हणजे तिथल्या एखाद्या संघटनेत, काम कर, मग ये. म्हणजे मुख्य कथाच तुला सांगते की घाई नाही. त्यानंतरही नाही आवडला तर काढून टाक, मला पत्र लिहून शिव्या दे.

प्रश्न: माझा मुलगा दहावीत आहे. कुठला तरी पंचवीस वर्षांपूर्वीचा गेम खेळतो आणि शेजारी कागदावर नकाशे काढतो, गावांची नावं लिहितो. नवीन गेमसाठी हट्ट करत नाही याचं बरं वाटतं, पण दहावीचं वर्ष. बंद करू का?
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, दहावीचं वर्ष आहे, तर तास ठरवून द्या, त्यात माझा काही वाद नाही. पण या जुन्या गेमची एक सोय आहे, पाहिजे तिथे सेव्ह करून उठता येतं, ऑनलाइन मित्र वाट बघत बसलेले नसतात, त्यामुळे "पाच मिनिटं आई" हे खरंच पाच मिनिटांचं असू शकतं. गेम कुठला ते विचारा आणि एकदा शेजारी बसा. या प्रकारच्या गेममध्ये मारामारी असते, काहींत नशा आणि गुलामगिरी वगैरे विषयही येतात, ते तुम्हाला माहीत असलेलं बरं. कागद मात्र फेकू नका हो. माझ्या आईने ती फिजिक्सची वही रद्दीत घातली, अजून बोलून दाखवतो मी.

प्रश्न: चार दिवस झाले. आर्कंगथँडमध्ये शिरलो, चोर मारले, सगळ्या खोल्या बघितल्या, सगळ्या पेट्या उघडल्या, तो कोड्याचा डबा नाहीच. व्हिडिओ बघू का?
– कंटाळलेला, कोल्हापूर

उत्तर: बघू नकोस रे, एवढा आलायस. डबा म्हटल्यावर तू ट्रंक शोधतोयस. हातात मावेल एवढा चौकोनी ठोकळा आहे तो, आणि पेटीत नाही. शेल्फं बघ, सावकाश, दिवा हातात घेऊन.