पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने चाकू बनवतोय, डिझाइन कसं ठरवू?

तुमचा प्रश्न असा की घरच्या किचनसाठी सुरी बनवायचीय, पातं ८ इंच, जाडी ५ मिमी, पाठीवर करवतीसारखे दाते (तसा फोटोही टाकलाय), आणि ड्रॉइंगसाठी सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, स्टील कुठलं घेऊ. मी खरं तर इथे फारसं लिहीत नाही. पण ते ५ मिमी वाचलं आणि बसलोच लिहायला, कारण हुबेहूब हीच सुरी आमच्या घरी एकदा बनलीय.

आधी सरळ सांगतो. दाते काढून टाका, किचनमध्ये त्यांचं काही काम नाही, धुताना हात कापेल तेवढंच. सॉफ्टवेअर नको, पुठ्ठा घ्या. आणि ५ मिमी म्हणजे कोयत्याची जाडी झाली, सुरीची नाही.

आता आमचं ऐका. आम्ही कराडकडचे, उसाचा पट्टा. आमच्याकडे ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांपासून, लोहार कोयते बनवतात हे लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात आलं की आईला एक सुरी बनवून द्यायची. माझा थोरला भाऊ, दादा, मेकॅनिकल डिप्लोमावाला, डिझाइनमध्येच नोकरी करणारा, म्हणाला ड्रॉइंग मी करतो. दोन रात्री बसून कॉम्प्युटरवर फार देखणं ड्रॉइंग केलं त्याने. पातं जिथे संपतं आणि मुठीत जाणारी पट्टी सुरू होते, तिथे त्याने दोन्ही बाजूंना काटकोनात खाच घेतली होती, चौकोनी, एकदम रेखीव. म्हणजे मूठ पात्याला बरोबर टेकून बसेल.

पाटा भंगारातून आणला, गावातल्या लोहारकाकांनी तो तापवून ठोकून पातळ केला, रात्रभर राखेत गाडून ठेवला म्हणजे मऊ पडतो, मग कानस चालते. आम्ही दोघांनी ग्राइंडर आणि कानशीने आकार काढला, तीन रविवार गेले त्यात. मग पाणी द्यायला, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक करायला, परत काकांकडे. काकांनी पातं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि अंगठ्याचं नख त्या खाचेच्या कोपऱ्यात घालून म्हणाले, "ह्यो कोपरा गोल करा, न्हाईतर हितनंच तडकंल." एवढंच वाक्य. दादा म्हणाला, "काका, ड्रॉइंगचं आम्ही बघतो, तुम्ही पाणी तेवढं नीट द्या." काका गप्प बसले, भाता सुरू केला.

पातं लाल होऊन पाण्यात गेलं आणि टिच्च असा बारीक आवाज आला. मला कळलं नाही, काकांना कळला. बाहेर काढून पुसलं तर वरवर काहीच दिसेना. मग त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला, कोरड्या फडक्याने पुसून घेतलं, वर खडू घासला आणि थांबायला सांगितलं. मिनिटाभरात त्या पांढऱ्या खडूवर एक ओली काळी रेघ उमटली, केसाएवढी, बरोबर कोपऱ्यातून निघून पात्यात बोटभर आत गेलेली. आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपलं की तडा असा दिसतो.

आणि दादा भट्टीवर बसलेल्या चार माणसांसमोर म्हणाला, पाणी देणं चुकलं. काकांनी उलट एक शब्द केला नाही. मीही काही बोललो नाही, ते मला आजही खुपतं.

म्हणून तुम्हाला जीव तोडून सांगतोय, तडा भट्टीत पडत नाही, कागदावरच पडलेला असतो. तापलेलं पोलाद एकदम थंड होतं तेव्हा बाहेरचा थर आधी कडक होतो, आतला मागून, सगळ्या अंगात ताण येतो आणि तो ताण टोकदार आतल्या कोपऱ्यात येऊन गोळा होतो. तिथे निदान ३-४ मिमीची गोलाई ठेवा, गोल कानशीची एक फेर पुरते. जाड पाठीवरून पातळ धारेकडे जाताना पायरी नको, उतार हवा. मूठ जोडायच्या पिनांची भोकं पाणी देण्याआधीच पाडा, नंतर ड्रिल बिट लागत नाही, आणि भोक कडेला चिकटून नको. धार आधीच पार पातळ करू नका, साधारण अर्धा ते एक मिमी ठेवा, नाहीतर तिथे वेडीवाकडी होईल किंवा चिरेल. हे सगळं डिझाइनच आहे, फोटोत दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही.

दुसरी सुरी आम्ही कोपरा गोल करून बनवली, तडकली नाही. पण जाडी तीच, दादा म्हणे जाडी म्हणजे मजबुती. आईने काकडी घेतली तर काकडी कापली जाईना, अर्ध्यावर फाटायचीच. पाचर ठोकल्यावर लाकडाचं होतं तसं. बटाट्यात तर पातं अडकून बसायचं. दोन दिवसांनी तिची तर्जनी बघितली, आतल्या बाजूला लाल वळ उठलेला. पाठीची कड आम्ही तशीच चौकोनी ठेवलेली, आणि आई बोट पाठीवर दाबून कापते हे आम्ही दोघांनी कधी बघितलंच नव्हतं. ती म्हणाली काहीच नाही. सुरी नीट पुसून फळीवर ठेवली आणि परत आपली जुनी सुरी घेतली.

मग मी एक आठवडा नुसतं बघत बसलो. आई पाट, म्हणजे चॉपिंग बोर्ड, घेऊन कापतच नाही. परात मांडीशी, घेवडा डाव्या हातात, सुरी उजव्या, आणि अंगठ्याकडे ओढून कापते. लसूण, भेंडी, मिरची सगळं हातातच. आम्ही ८ इंची पातं बनवून बसलेलो, तिला साडेतीन इंचाचं हवं होतं. पाटावर चिरणाऱ्याची सुरी वेगळी, तिथे मुठीच्या पुढची टाच ४० मिमीच्या आसपास खोल लागते, नाहीतर बोटांची पेरं पाटावर आपटतात. हातात कापणाऱ्याला ती खोली नुसती आडवी येते. कोण कापणार, काय कापणार, कुठे बसून कापणार, हे आधी लिहून काढा, आकार मागून येतो.

तिसऱ्यांदा मी मुठीपासून सुरुवात केली. आईचा पंजा चार बोटांवरून मोजला, साडेसात सेंमी, त्यात दोन-अडीच सेंमी धरून दहाची मूठ. पुठ्ठ्याचे पाच नमुने कापले, दोन्हीकडून थर्माकोल चिकटवून हाताळायला दिले, चौथा तिने खाली ठेवला नाही. मूठ गोल नको, लांबट अंड्यासारखी हवी, म्हणजे न बघताही धार कुठे आहे ते तळव्याला कळतं. गोल मूठ ओल्या हातात फिरते. लाकूड बाभळीचं, अवजारांचे दांडे पिढ्यान् पिढ्या उगाच त्याचे नाहीत. पितळेच्या दोन ४ मिमीच्या पिना आणि अराल्डाइट, एक दिवस दाबून ठेवलं. पातं २ मिमी, पाठ पॉलिश पेपरने गोल केलेली. ती सुरी आजही रोज वापरात आहे, निसण्यावर घासून घासून पातं थोडं झिजलंय.

स्टीलचं विचारलंत तर पहिल्या वेळी पाटा नको. ते पोलाद चांगलं असतं पण जाड असतं, ठोकून पातळ करायला लोहार लागतो, आणि जुन्या पाट्याला आधीच बारीक चिरा असू शकतात. ग्रेड माहीत असलेली नवी पट्टी घ्या, १०८४ (साधं, जास्त कार्बनचं पोलाद) मिळाली तर उत्तम, २ ते अडीच मिमी. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की त्याच्या अजून थोडं वर तापवायचं, मग कोमट तेलात, आणि लगेच ओव्हनमध्ये २०० डिग्रीला दोन तास, असं दोनदा. ओव्हनचं विसरलात तर पातं काचेसारखं राहतं, पडलं की तुकडे. फॅब्रिकेशनवाल्याकडची साधी पट्टी घेऊ नका, त्यात कार्बन इतका कमी असतो की ती कडकच होत नाही. स्टेनलेसच्या भानगडीत आत्ता पडू नका, डमास्कसच्या (थर जोडून नक्षी आणलेलं पोलाद) तर नाहीच.

हो, एक खरं सांगायला हवं. त्या दिवशी पाण्याऐवजी तेल असतं तर ती पहिली सुरी कदाचित वाचली असती, पाटा पाण्यात घालणं जोखमीचंच. तेवढ्यापुरतं दादाचं बरोबर होतं. पण मग रेघ बरोबर त्याच कोपऱ्यातून का निघाली, दुसरीकडून का नाही, याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही. शिवाय दुसरी सुरी त्याच काकांनी, त्याच पाण्यात घातली होती.

आणि ग्राइंडरवर चष्मा आणि मास्क लावाच, हे वर लिहायचं राहिलं. कायद्याचंही बघा, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्यात येऊ शकतं. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, पण तुमच्या त्या फोटोतल्या दातेवाल्या प्रकाराला किचनची सुरी कोण म्हणेल?

भट्टी आता काकांचा मुलगा चालवतो, काका बाहेर बाकड्यावर बसलेले असतात. दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. ती तडकलेली सुरी माझ्याकडे आहे, रेघेत खडू अजून तसाच आहे. दिवाळीला येशील तेव्हा ती घेऊन आपण दोघं काकांकडे जाऊन येऊ.