निळा स्लॅब आणि कॉलमवर लाल टिकल्या: माझा अनुभव

बडोद्याच्याच कुणा इंजिनिअरचा प्रश्न दिसला म्हणून लिहायला बसलो. ईटॅब्समधले (इमारतीचे हिशेब करणारं सॉफ्टवेअर) मोमेंट, म्हणजे स्लॅबला वाकवणाऱ्या जोराचे आकडे, स्वतः लिहिलेल्या प्लगइनने (जोड-प्रोग्रॅमने) रेव्हिटच्या (इमारतीचं मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) थ्रीडी मॉडेलवर रंगवले, तर अख्खा स्लॅब निळा आणि कॉलमच्या डोक्यावर तेवढ्या लाल टिकल्या. आर्किटेक्ट विचारतोय, गडबड आहे का? अहो, हेच चित्र घेऊन मीही बसलो होतो.

प्लगइन तुम्हीच लिहिलंय, तेव्हा त्यात शिरत नाही. गडबड मॉडेलची नाही. कॉलम तिथे एका बिंदूवर टेकलेला धरलाय, त्यामुळे मेश (हिशेबासाठी स्लॅबचे पाडलेले चौकोन) जितकी बारीक कराल तितका त्या बिंदूवरचा आकडा चढत जातो. लेजंड (कुठला रंग म्हणजे किती, ते सांगणारी पट्टी) ऑटोवर असला की रंगपट्टी त्या एका टोकापर्यंत ताणली जाते आणि बाकी स्लॅबच्या वाट्याला निळाच उरतो. मोमेंट कॉलमच्या कडेवरचा घ्या आणि पट्टीची दोन्ही टोकं स्वतः ठरवा.

हे ऑटो मला केवढ्याला पडलं ते सांगतो. एक हॉस्टेल होतं, 7 मीटरचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर). पर्याय दोन: बीमवाला आणि बिनबीमचा सपाट. डिफ्लेक्शन, म्हणजे स्लॅबचा झोल, अनुक्रमे 9 मिमी आणि 19 मिमी. दोन्ही मॉडेलं शेजारीशेजारी स्क्रीनवर लावली. दोन्हींत मध्यभागी लाल, कडेला निळं, कारण प्रत्येकाचा लेजंड आपापल्या कमाल आकड्यावर बांधलेला. आकडे कोपऱ्यात, मुंगीएवढे. हॉस्टेलचे मालक शेठ म्हणाले, "बन्ने सरखां ज छे ने? तो सस्तुं लो." आणि मी मान डोलावली! तोवर मीही रंगच बघत होतो. आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे अंतिम डिफ्लेक्शनची हद्द गाळ्याचा 250 वा भाग, म्हणजे इथे 28 मिमी. 19 हा आकडा आत वाटतो, पण तो नुसता तात्काळचा होता. क्रीप (भाराखाली काँक्रीटचं वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जाणं) आणि आकुंचन धरल्यावर हद्द केव्हाच ओलांडली. लक्षात आलं तेव्हा सेंटरिंग (स्लॅब ओतायचा साचा) बांधून झालं होतं. जाडी वाढली, सळई वाढली, वाढलेल्या वजनासाठी फुटिंगचे (पायाचे) हिशेब पुन्हा केले आणि ठेकेदाराच्या बसून राहिलेल्या दिवसांचं बिल माझ्या फीमधून गेलं.

वर ते तपासणीचं कार्यालय. नाव घेत नाही, पुन्हा तिथेच जायचंय. मॉडेल उघडून बघणार नाहीत, ए3 कागदच हवा, आणि फाइलला लावायचे ते त्याची काळीपांढरी झेरॉक्स. इंद्रधनुष्यी पट्टीतला गडद निळा आणि गडद लाल झेरॉक्समध्ये सारखेच करडे येतात. शेरा आला: "जास्त व कमी भाग स्पष्ट करावा." तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला साहेब रजेवर!

तेव्हापासून मी विरिडिस वापरतो: गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत उजळत जाणारी पट्टी. ती झेरॉक्समध्येही वाचता येते, लाल-हिरवा वेगळा न दिसणाऱ्यालाही. माझं मत विचाराल तर डिफ्लेक्शनला पट्टी 0 ते हद्द, सगळ्या पर्यायांना तीच, आणि हद्दीपलीकडे एकच भडक रंग. गुळगुळीत छटा दिसायला छान, पण पाच-सहा पट्ट्यांत माणसाला जास्त कळतं. काहींना हे पटणार नाही. मी घरांच्या आणि हॉस्टेलांच्या कामावरून बोलतोय, पुलांचं मला विचारू नका. आणि सही तुमची जाणार, तेव्हा हिशेब तुम्हीच तपासा.

जाता जाता दोन गोष्टी. वाकलेला आकार दाखवताना "100 पट वाढवून" हे मोठ्या अक्षरात लिहा. 3 मीटरच्या मजल्याला भूकंपात उंचीच्या 0.004 पट, म्हणजे 12 मिमी ड्रिफ्ट (आडवं सरकणं) चालतो, पण स्क्रीनवर मजला जवळजवळ सव्वा मीटर कलंडलेला दिसतो, आणि इथे समोर बसलेल्यांना 2001 चा भूकंप आठवत असतो. दुसरं, रेव्हिटच्या एपीआयमधून (प्लगइन ज्या वाटेने रेव्हिटशी बोलतं ती) चढवलेले रिझल्टचे रंग फाइलबरोबर सेव्ह होत नाहीत. मी एकदा भर मीटिंगमध्ये फाइल उघडली आणि सगळ्यांना कोरा करडा स्लॅब दाखवला. निघण्याआधी प्लगइन पुन्हा चालवा, स्क्रीनशॉटही काढून ठेवा.