वाचकांचे प्रश्न : दिवस राहत नाहीत, तर आधी काय तपासायचं?

प्रश्न : लग्नाला साडेतीन वर्षं झाली. माझं वय २८. पाळी २८-३० दिवसांनी येते. सोनोग्राफी, थायरॉईड सगळं नॉर्मल. तरी वर्षभरात पाच वेळा बीज वाढायच्या गोळ्या झाल्या. यजमान एमआयडीसीत डाईंगच्या कारखान्यात बॉयलरजवळ काम करतात. त्यांची तपासणी झालेली नाही. सासूबाई म्हणतात, "आमच्या पोरात काय दोष असणार?" पुढच्या महिन्यात परत गोळ्या घेऊ का?
(अक्कलकोट रोड, सोलापूर)

उत्तर : सहावं पाकीट उघडू नका. आधी यजमानांची वीर्यतपासणी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणासोबत. तुमची पाळी नियमित आहे, म्हणजे बहुतेक बीज दर महिन्याला आपणहून फुटतंय. त्यावर गोळ्यांनी फारसं काही वाढत नाही. वीर्यतपासणी मात्र स्वस्त आहे, सुई टोचावी लागत नाही आणि निकाल त्याच दिवशी मिळतो. ती न करता बाईला वर्षभर औषधं देणं आम्हाला पटत नाही.

तपासणीपूर्वी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस संबंध नकोत. नमुना लॅबमध्येच दिलेला बरा. घरून न्यायचा असेल तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचवा. बाटली शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. बर्फात नको आणि गाडीच्या डिकीत तर नकोच. सोलापुरातल्या एप्रिल-मेच्या उन्हात डिकीतली बाटली म्हणजे तपासणी वाया गेली. तेल, साबण, थुंकी लावायची नाही. साधा निरोधही वापरायचा नाही, त्यातल्या रसायनांनी शुक्रजंतू मरतात. सगळ्यात महत्त्वाचं, पहिले थेंब बाहेर सांडले तर लॅबला सांगा. बहुतेक शुक्रजंतू त्या पहिल्या भागातच असतात. ते गेले की रिपोर्टमध्ये संख्या उगाच कमी दिसते.

रिपोर्ट हातात आला की लोक 'नॉर्मल आकार ४ टक्के' वाचून हादरतात. घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादाच ४ टक्के आहे. बाकीचे आकडे असे : वीर्य १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, हलणारे ४२ टक्के, एकूणातले सरळ पुढे जाणारे ३० टक्के. या पास-नापासाच्या रेषा नव्हेत. यापेक्षा कमी आकडे असूनही बाप झालेले पुरुष आहेत.

एक रिपोर्ट खराब आला म्हणून निकाल लावू नका. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. दोन महिन्यांपूर्वी डेंगी किंवा टायफॉईडचा ताप येऊन गेला असेल तर त्याचा फटका आजच्या रिपोर्टमध्ये दिसतो. म्हणून सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. दुसऱ्यांदाही शुक्रजंतू शून्य आले, तर युरॉलॉजिस्टकडून अंग तपासून घ्या, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या हार्मोनच्या रक्ततपासण्या करा. तयार होतात पण वाट बंद आहे, की तयारच होत नाहीत, हे त्यावरून उलगडायला लागतं. वाट बंद असेल तर अंडकोशातून सुईने शुक्रजंतू काढून इक्सी (एकेक शुक्रजंतू थेट बीजात टोचणं) करता येतं.

बॉयलरबद्दल विचारलंत ते बरं केलंत. अंडकोश शरीराबाहेर असतात ते त्यांना अंगापेक्षा २ ते ४ अंश थंडावा लागतो म्हणून. रोज आठ-दहा तास वाफेजवळ उभं राहिलं की तो थंडावा मिळत नाही. कामाची पाळी (शिफ्ट) बदलून घेता येते का पाहा, मधेमधे बाहेर यायला सांगा, आतून सैल सुती कपडे घाला. मावा आणि विडी बंद. आणि जिममधल्या कुणी 'ताकदीचं' टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर ते घेऊ नका. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू अंडकोशांना काम थांबवायला सांगतो आणि शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात.

सासूबाईंशी वाद घालत बसू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांनाच सांगा, "दोघांनाही एकत्र बोलवा आणि दोघांच्याही तपासण्या एकाच कागदावर लिहून द्या." कागदावर लिहून आलं की घरातली कुरबुर बरीच निवते.

प्रश्न : वय ३३, पीसीओडी (बीज वेळेवर न फुटण्याचा त्रास) आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही. एचएसजीत (औषध सोडून काढलेल्या नळ्यांच्या एक्स-रेत) डावी नळी बंद आली. यजमानांचा रिपोर्ट चांगला आहे. डॉक्टर आययूआय (शुक्रजंतू नळीने गर्भपिशवीत सोडणं) करू म्हणतात, नणंद म्हणते थेट टेस्ट ट्यूबला जा.
(जुळे सोलापूर)

उत्तर : नळी कुठे बंद आहे ते आधी विचारा. गर्भपिशवीच्या अगदी तोंडाशी बंद दिसत असेल तर पुष्कळदा ती खरी बंद नसते. औषध आत सोडताना कळ आली की नळीचं तोंड आवळतं आणि फिल्मवर अडथळा दिसतो. टोकाला बंद असून नळी पाण्याने फुगलेली असेल, तर गोष्ट वेगळी. ते पाणी गर्भपिशवीत उतरतं आणि टेस्ट ट्यूबमध्येही गर्भ टिकायची शक्यता बरीच घटवतं. अशी नळी दुर्बिणीतून काढतात किंवा क्लिप लावून बंद करतात, आणि मगच गर्भ सोडतात. नळ्या खराब होण्याचं आपल्याकडचं एक मोठं कारण गर्भपिशवीचा क्षय. त्यात खोकला नसतो, ताप नसतो, कधी फक्त पाळीचा स्राव कमी होतो. शंका असेल तर अस्तराचा तुकडा तपासून घ्या. क्षयाची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

उजवी नळी मोकळी असेल तर डॉक्टरांचं बरोबर आहे, आधी आययूआय. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बीज वाढवणारी लेट्रोझोल गोळी २.५ किंवा ५ मिलिग्रॅम, पाच दिवस. नवव्या-दहाव्या दिवसापासून सोनोग्राफी. बीजाची पिशवी १८ ते २० मिलिमीटर झाली की बीज फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण ३६ तासांनी धुतलेले शुक्रजंतू मऊ नळीने गर्भपिशवीत सोडतात. दहा-पंधरा मिनिटं पडून राहा, मग घरी जाऊन रोजची कामं करा. आठवडाभर अंथरुणावर पडून काही वाढत नाही.

चुकतं कुठे? रविवार आला म्हणून सोनोग्राफी सोमवारवर ढकलली जाते आणि बीज शनिवारीच फुटून जातं. पीसीओडीत तीन-चार पिशव्या एकदम वाढल्या, तर तो महिना सोडून द्या. तिळ्यांचा धोका बाईला आणि बाळांना फार जड जातो. आणि दिवस राहिले का याची घरची तपासणी घाईने करू नका. एचसीजीच्या इंजेक्शनमुळे दहा-बारा दिवस दोन रेषा खोट्याच दिसू शकतात. दोन आठवड्यांनी रक्तातली बीटा एचसीजी करा.

तीन, फार तर चार महिने. तेवढ्यात जमलं नाही तर पुढच्या उपचाराला चला. ३५ नंतर बीजांचा दर्जा झपाट्याने घसरतो, आणि सात-आठ आययूआयमध्ये गेलेलं वर्ष परत येत नाही. वजन जास्त असेल तर ५ टक्के कमी केल्यावरसुद्धा पुष्कळ जणींची पाळी आपणहून येऊ लागते.

प्रश्न : टेस्ट ट्यूबचे उपचार पुण्यात चालू आहेत. इंजेक्शनं सोलापूरला आणून घ्यायची आहेत. उन्हाळ्यात ती टिकतील का?
(होटगी रोड)

उत्तर : औषध भरलेली इंजेक्शनची पेन २ ते ८ अंशांत ठेवतात. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दाराशी नको, फ्रीजरमध्ये तर कधीच नको. एकदा गोठलं की औषध गेलं. प्रवासात थर्मासच्या डब्यात आइसपॅक घ्या, पण पेन कापडात गुंडाळा, बर्फाला चिकटू देऊ नका. काही पावडरीची इंजेक्शनं २५ अंशांखाली बाहेर चालतात, पण आपल्या उन्हाळ्यातली खोली २५ अंश नसते, तीही फ्रिजमध्येच.

बीज काढल्यानंतरच्या आठवड्यात पोट टम्म फुगलं, दिवसाला किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर पुण्याला फोन करून उत्तराची वाट पाहू नका. सोलापुरातच लगेच दाखवा. बीजकोश जास्त चाळवल्याची ती लक्षणं आहेत.

प्रश्न : वय ४२, एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) ०.४. डॉक्टर दुसऱ्या बाईचं बीज घ्या म्हणतात. एक एजंट मुलींचे फोटो दाखवतो आणि मुलगाच होईल असंही म्हणतो.
(पंढरपूर तालुका)

उत्तर : त्या एजंटला दारात उभं करू नका. २०२१ च्या कायद्याप्रमाणे बीज फक्त नोंदणीकृत बँकेतून येतं. देणारी २३ ते ३५ वर्षांची असावी लागते, आयुष्यात एकदाच देते, सातपेक्षा जास्त बीजं काढत नाहीत आणि तिची ओळख गुप्त राहते. तिचा बारा महिन्यांचा विमाही काढावा लागतो. बीजाची विक्री गुन्हा आहे, मुलगा-मुलगी निवडणं हाही गुन्हा. दवाखान्याचं नोंदणी प्रमाणपत्र मागून पाहा.

वयाच्या ४२ व्या वर्षी स्वतःच्या बीजाने यश फार कमी, हे डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे. यश मुख्यतः बीजाच्या वयावर ठरतं, गर्भपिशवीच्या नव्हे. म्हणून दात्याच्या बीजाने शक्यता बरीच वाढते. कायद्याने तुम्हाला पन्नाशीपर्यंत आणि यजमानांना पंचावन्नपर्यंत उपचार घेता येतात, तेव्हा एका आठवड्यात सही करायची घाई नाही. आधी बीपी, साखर, थायरॉईड आणि हृदय तपासून घ्या, आणि गर्भ एकच सोडायला सांगा.