पाणी गावात शिरण्याआधी: बचाव पथकांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचे गाव शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठी आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत निम्म्याहून अधिक घरांत पाणी आले. आता तरुण मंडळाच्या वीस-बावीस मुलांचे बचाव पथक उभे करायचे ठरले असून, वर्गणीतून रबरी बोट घ्यावी असा बहुतेकांचा आग्रह आहे. सुरुवात बोटीपासून करावी का?
— मंडळाचा एक कार्यकर्ता

उत्तर: करू नये. बोट यादीत असावी, पण ती शेवटी. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढत असताना बोट उलटली आणि अनेक ग्रामस्थ, त्यांत स्त्रिया आणि लहान मुलेही, बुडून मृत्युमुखी पडले. त्या बोटीत तिच्या क्षमतेहून अधिक माणसे बसली होती. पाणी चढत असताना काठावरच्या माणसाला ‘तू थांब, पुढच्या खेपेला ये’ असे सांगणे किती अवघड असते, हे ज्याने अनुभवले आहे तो या दुर्घटनेबद्दल कोणालाही सहज दोष देणार नाही. परंतु नेमके तेच सांगता येण्यासाठी प्रशिक्षण लागते, आणि ते बोटीबरोबर विकत मिळत नाही. आपल्या भागात गुऱ्हाळाच्या काहिलीतून, म्हणजे उसाचा रस उकळण्याच्या मोठ्या कढईतून, माणसे काढल्याचे प्रसंग कौतुकाने सांगितले जातात. काहील उथळ असते, एका कडेला भार पडला की ती पाणी आत घेते, हे मात्र त्या कौतुकात कोणी सांगत नाही.

पथकाचे पहिले काम कोरड्या जमिनीवरचे आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. हे आकडे कोल्हापूरसाठी ठरवलेले आहेत. आपल्या गावासाठी त्यांचा अर्थ आपणच लावायचा आहे. तिथे किती फूट पाणी झाले म्हणजे आपला कोणता रस्ता बंद होतो, कोणत्या गल्लीत पाणी शिरते आणि मधे साधारण किती तास मिळतात, हे तिन्ही पूर पाहिलेल्या जाणत्या माणसांना विचारून एका कागदावर लिहून काढावे आणि तो कागद चावडीवर लावावा. पंचगंगेच्या वरच्या अंगाला असलेल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी सुटते. तेव्हा किती दरवाजे उघडले, याची बातमी येताच हिशेब सुरू व्हायला हवा. शिरोळची आणखी एक अडचण अशी की नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा फुगलेली असली म्हणजे पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही आणि पाऊस थांबल्यावरही पूर दिवसचे दिवस हटत नाही. म्हणून कृष्णेला मिळणाऱ्या कोयना नदीवरील धरणाच्या विसर्गाकडेही लक्ष असावे.

दुसरा कागद घरांचा. अंथरुणाला खिळलेले रुग्ण, दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रिया, डायलिसिसवर असलेले, एकटे राहणारे वृद्ध यांची गल्लीवार नोंद करून प्रत्येक घरामागे पथकातील दोन मुलांची नावे लिहावीत. याच कागदावर जनावरांची संख्याही लिहावी, आणि हे मी मुद्दाम सांगतो आहे. ‘लोक सांगूनही घर सोडत नाहीत’ ही तक्रार दर पुरात ऐकू येते. परंतु गोठ्यात दोन दुभत्या म्हशी बांधलेल्या असताना घरधन्याने केवळ अंगावरच्या कपड्यांनिशी निघावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हैस हलली की घर हलते. जनावरे कोणत्या माळावर न्यायची, तिथे वैरण कोण पोचवणार, धार काढायला रोज कोणी जायचे आणि टेंपो कोणाचा, हे मे महिन्यातच ठरले असेल, तर बोटीत बसवावी लागणारी माणसे फारच थोडी उरतात.

साहित्याचा क्रम लाईफ जॅकेट, तरंगणारा दोर, शिट्ट्या, विजेऱ्या, हातात धरायचा कर्णा आणि मग बोट असा ठेवावा. बोट घेतलीच तर जितकी जाकिटे तितकीच माणसे, हा नियम तिच्यावर रंगवून ठेवावा आणि तो मोडण्याचा अधिकार सरपंचांनाही देऊ नये. बुडणाऱ्याला वाचवताना आधी काठी पुढे करावी, मग दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेकावी, त्यानंतर बोट. पाण्यात उडी मारणे हा शेवटचा मार्ग आहे आणि तो खास शिकलेल्यानेच स्वीकारावा. विहिरीत पट्टीचे पोहणारी मुले ओढीच्या पाण्यात टिकतातच असे नाही. वेगाने वाहणारे पाणी केवळ घोट्याच्या वर आले तरी धडधाकट माणसाचे पाय सुटू शकतात, आणि दोन फूट पाणी मोटार वाहून नेऊ शकते.

प्रश्न: मी ३४ वर्षांची असून बचत गटाचे काम पाहते. ‘आपदा मित्र’ प्रशिक्षण घ्यावे असे मनात आहे, पण मला पोहता येत नाही आणि घरचे म्हणतात की हे पुरुषांचे काम आहे.
— एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर: गावोगावच्या स्वयंसेवकांना आपत्तीच्या वेळी मदत करण्यासाठी तयार करणारी ही योजना राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आहे. २०१६ मध्ये देशातील ३० पूरप्रवण जिल्ह्यांत तिचा प्रयोग झाला आणि नंतर ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवून तिचा विस्तार करण्यात आला. या विस्तारात १८ ते ४० हे वय, किमान सातवीपर्यंत शिक्षण आणि शारीरिक सक्षमता अशा अटी होत्या. प्रशिक्षण बारा दिवसांचे असून स्वयंसेवकाला आपत्कालीन साहित्याचा संच आणि विमा अशी तरतूद होती. पुढील तुकडी केव्हा आहे आणि तिच्या अटी काय आहेत, याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी हेच जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यामुळे अर्ज योग्य ठिकाणी जाईल.

घरच्यांना एवढेच विचारावे की शाळेत उतरलेल्या तीनशे माणसांच्या छावणीत रात्री शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा नाही, हे सर्वप्रथम कोणाच्या लक्षात येते? सॅनिटरी पॅड, तान्ह्या मुलांचे दूध, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या, पिण्याच्या पाण्यात मेडिक्लोर (जंतुनाशक क्लोरीनचे द्रावण) टाकून अर्धा तास थांबणे, कोणाला कालपासून जुलाब होत आहेत याची नोंद, ही सर्व कामे बचावकार्याचाच भाग आहेत, आणि बचत गटाच्या वह्या चोख ठेवणारी स्त्री ती उत्तम करते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे आणि तिच्या तुकड्या पावसाळ्यात पूरग्रस्त जिल्ह्यांत तैनात होतात. तरीही रस्ते बंद झाल्यावर पहिले काही तास गावातल्या माणसांचेच असतात. पोहणे मात्र शिकून घ्यावे. चौतीस हे काही उशिराचे वय नव्हे.

प्रश्न: बुडालेल्या मुलाला पाय धरून उलटे करावे किंवा पोट दाबून पाणी काढावे, असे गावात सर्रास केले जाते. हे बरोबर आहे का?
— एक शिक्षक

उत्तर: मुळीच नाही. पोट दाबल्याने जठरातील अन्न-पाणी वर येऊन श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. मूल हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर त्याला कडक जमिनीवर उताणे झोपवून, मान किंचित मागे करून प्रथम तोंडाने श्वास द्यावेत, कारण बुडालेल्याला आधी हवेची गरज असते. मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत. दर ३० दाबांनंतर दोन श्वास, हे चक्र मदत येईपर्यंत थांबवू नये. दाब प्रौढांत पाच ते सहा सेंटीमीटर आणि लहान मुलांत छातीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश खोल असावा. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आलेल्या मुलालाही रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो. हे सगळे वाचून येत नाही. आपल्या शाळेत वर्षातून एकदा, सरावासाठीच्या पुतळ्यावर, प्रत्येकाच्या हाताने करून घ्यावे.

प्रश्न: आमच्या सोसायटीने पूरग्रस्तांसाठी जुने कपडे जमवायचे ठरवले आहे. ते कोठे पाठवावेत?
— एक वाचक, पुणे

उत्तर: जुने कपडे शक्यतो पाठवूच नयेत. ज्या गावात माणसे चिखल उपसत असतात, तिथे विटक्या साड्यांचे गठ्ठे उतरवून घेण्यासाठी, निवडण्यासाठी आणि अखेरीस टाकून देण्यासाठी माणसे लागतात. त्याऐवजी तेथील ग्रामपंचायतीला फोन करून ‘या आठवड्यात काय हवे आहे?’ असे विचारावे. पाणी ओसरल्यावर उत्तर बहुधा फावडी, खराटे, गमबूट, फिनेल, ब्लीचिंग पावडर, वैरण आणि शाळेच्या वह्या असे येते. सोसायटीत कोणी वायरमन असेल, तर चार दिवस त्यालाच पाठवावे.