मध्ये घरचं कुणी नको

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सखी केंद्रातले, म्हणजे मारहाण सोसलेल्या बायकांच्या सरकारी मदत केंद्रातले, पाच दिवस संपले, ती बाई नवऱ्याबरोबर परत बांधकामाच्या साइटवर गेली आणि तू 'मी कुठे कमी पडले' म्हणत रात्रभर जागलीस. मला मात्र तुझं दुसरंच वाक्य खुपलं: 'भाषा येईना, म्हणून तिच्या जावेला सोबत बसवलं.'

जावेला नाही बसवायचं. दिराला नाही, मुकादमाला नाही, तिच्या दहा वर्षांच्या पोरालाही नाही. मध्ये घरचं कुणी नको.

आमच्या निवाऱ्यात झारखंडची एक संताळी बाई आली होती, बिल्डिंगच्या कामावरची. दीर म्हणाला, जिन्यावरून पडली. काही विचारलं की ती मान वळवून डावा कान पुढे करायची आणि गप्प राहायची. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'भाषा समजत नाही.' आठवड्याने तिच्या उशीवर पू दिसला. थपडेनं उजव्या कानाचा पडदा फाटला होता. इतके दिवस ती चांगला कान माझ्यापुढे करत होती गं.

ती आली त्या रात्री निवाऱ्यात अठरा बायका, एक संडास, दोघी तापानं फणफणलेल्या आणि मी एकटी. संताळी बोलणारं माणूस कुठून आणणार होते? वर्षानुवर्षं मी हेच म्हणत आले. पण वेळ होता. दिराला चहा द्यायला वेळ होता, मग त्याला बाहेर बसवायलाही होताच.

तेव्हा नातेवाइकाला कागद भरायला बाहेर पाठव. तिची भाषा बोलणारी, पण तिच्या गावची, तिच्या टोळीची नसलेली बाई शोध. फोनवर मिळाली तरी चालेल. मग विचार: गळा दाबला होता का? आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का? गळा दाबल्याची खूण बाहेरून बऱ्याचदा दिसतच नाही, आणि धोका पुढचे काही दिवसही असतो. 'हो' म्हणाली तर लगेच दवाखान्यात ने. जबरदस्ती झाली असेल तर गर्भनिरोधक गोळी आणि एचआयव्हीचं औषध ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. उपचारांना पोलीस तक्रारीची अट नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. कुणी अडवलं तर भांड. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' हे अशा बायकांसाठीचं मदत केंद्र उभं राहिलं ते याचसाठी: जी बाई चौकीची पायरी चढत नाही, ती जखम घेऊन ओपीडीत येते. पण तिथंही जाऊबाईच तिच्या वतीनं बोलत असेल तर काय उपयोग?

परत जाणं हा तिचा निर्णय असेल तर तिला तो हक्क आहे, मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. पण निर्णय तिचा होता की जावेचा, हे तुला माहीतच नाही. मला सलतंय ते हे.

मुकादमाच्या मोबाइलवर फोन करू नकोस, तिलाच मार बसेल. आशाताई मुलांच्या डोससाठी साइटवर जाते, तिच्यासोबत जा. जावेला तिच्या पोरांना घेऊन रांगेत उभं राहू दे, आणि तेवढ्यात तू पत्र्याच्या खोलीत जा.

तुझी,
ताई